बंब विकला, बेट वाचलं

३ मार्च
स्क्रीनवर लाल पट्टी. दहा तारखेपर्यंत वर्षाची वर्गणी भरा, नाहीतर माझं ऑनलाइन बेट, त्यावरचं दीपगृह, दोन बदकं — सगळं पुसणार. चार वर्षं खपून बांधलंय मी ते! बायको म्हणाली, "नाहीतरी तिथे पाय कुठे टेकतात तुमचे?"

४ मार्च
शाळेपासून जमवलेल्या मोटारी कपाटातून काढल्या. खेळण्यातल्याच, पण एकशे बारा. सगळ्या विकायच्या ठरवल्या. एकेक पुसायला घेतली आणि निर्धार ढिला पडला. शेवटी फक्त आगीचा बंब विकायचा ठरला. जाहिरात टाकली.

७ मार्च
बंब बघायला एक दंतवैद्य आले. खिशातून दातांचा आरसा काढून बंबाच्या पोटाखाली घातला. "मागचं डावं चाक हलतंय." आता काढावं लागेल म्हणतात की काय! मग विचारलं, "खोकं कुठाय?" खोकं आईने तेव्हाच रद्दीत दिलेलं. खोक्याशिवाय किंमत निम्मी म्हणे. म्हणजे चाळीस वर्षं मी भलतंच जपलं. नाइलाजाने दुमजली बसही दिली.

८ मार्च
वर्गणी भरली. कपाटात दोन मोकळ्या जागा. बघवत नाही.

९ मार्च
आई म्हणाली, "ज्याच्यापायी खेळणी विकलीस ते दाखव तरी." गुडघ्यांमुळे तिने वर्षभर जिना उतरलेला नाही. तिकडे तिच्या वतीने फिरायला एक चित्रातली बाई करून दिली. केस निळे — तिचीच निवड. तिकडे उडताही येतं. पाच मिनिटांत दीपगृहावर आपटली. "मधेच कशाला बांधलंस?"

१३ मार्च
दीपगृहाला फुलाफुलांचे पडदे लागलेत. मला विचारलं नाही. जेवायला हाक मारली तर म्हणे, "थांब, पाहुणे आहेत." पाहुणे म्हणजे शेजारच्या बेटावरचे गृहस्थ. बोटीवर स्वयंपाकी होते, आता निवृत्त. त्यांचेही गुडघे गेलेत. दोघं मिळून उडत होते.

१९ मार्च
आज मला माझ्याच बेटावर प्रवेश नाही. "तासाभराने ये," आई म्हणाली. बायको तोंडाला पदर लावून हसत होती.

२२ मार्च
आई म्हणाली, "रविवारी कुठे जाऊ नकोस. लग्न आहे."
"कुणाचं?"
"माझं. स्वयंपाक्यांशी."
बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. तिला लाजताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जरा वेळाने विचारलं, "तिकडेच ना?"
"आधी तिकडे. मग बघू."