थोरल्या राणीसाहेबांना न्यायला आलेलं जहाज

४ जानेवारी, सकाळचे साडेनऊ
अपमान झाला. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. दरबार या हिवाळ्यात समुद्रापलीकडे, फ्यून बेटावरच्या किल्ल्यात आहे. तिथून राजाचा, म्हणजे आमच्या चिरंजीवांचा, माणूस आला. सूनबाईंना मुलगा झाला. अठराला बाप्तिस्मा. बाळाला हातांत घेऊन कुंडापाशी कोण जाणार? विहीणबाई! आणि मी? मीसुद्धा यावं म्हणे, जमल्यास. मी डेन्मार्कची राणी होते तेव्हा या जर्मन बाईंच्या गढीला धड छप्पर नव्हतं. राजाची आई जिवंत असताना नातू तिच्याच हातांत असतो. तसा रिवाज आहे. नसला तर असायला हवा.

तोच दिवस, दुपार
चिडायचं नाही असं ठरवलं. मठाच्या शाळेत सिस्टर आग्नेस यांनी संयम शिकवला, तो माझ्यात मुरलेला आहे. दोन ताटं फुटली. निसटली हातातून.

८ जानेवारी
न्यायला जहाज आलं. एका शिडाचं! वासावरून मासे वाहणारं. तुतारी नाही, चढायच्या फळीवर लाल कापड नाही. नवरा गेला म्हणून माझं राणीपण गेलं की काय? परत पाठवलं. कप्तान म्हणाला, समुद्र गोठायला लागलाय, दुसरं जहाज येणार नाही. मी म्हटलं, मुलगा माझा आहे. दोन दिवसांत तीन शिडांचं घेऊन स्वतः येईल. माझी दासी सिदसेल म्हणते, "बसा की बाई, फळीकडे कोण बघतंय!" मी बघते.

११ जानेवारी
दोन दिवस म्हणजे काही अगदी दोनच नव्हेत.

१३ जानेवारी
खिडकीतून पाणी दिसेनासं झालंय. सगळं पांढरं. मनावर घेतलं तर जहाज येईल. राजा आहे तो.

१५ जानेवारी
मोठ्या मनाने मीच निघाले. बर्फावरून ओढायची होडी, नावाडी येप आणि त्याची माणसं. बर्फ पातळ लागला तसा येप म्हणाला, आता सगळ्यांनी उतरा आणि होडीच्या काठाला धरून चाला. मी म्हटलं, राणी होडीत बसते. तो म्हणाला, "आईसाहेब, बर्फाला राणी कळत नाही, वजन कळतं." माणसं हसली. सिदसेलही हसली, आणि उतरून चालायलासुद्धा लागली. मी उतरले नाही. शेवटी सगळ्यांना मागे फिरावं लागलं. जिंकले मीच.

१८ जानेवारी, दुपार
तोफा! पलीकडून! म्हणजे जहाज सुटलं. तरी मी म्हणत होतेच. हंस भाजायला सांगितला, बिअरचं पिंप उघडायला लावलं. मखमली झगा घालून धक्क्यावर उभी राहिले. येपला विचारलं, शिडं दिसतात का रे? त्याने टोपी काढली. म्हणाला, "आईसाहेब, आज अठरा ना? बाळाला नाव ठेवलं त्यांनी."
सिदसेलने माझ्या खांद्यांवर शाल घातली.

संध्याकाळ
चिरंजीवांना पत्र लिहिलं. माफी, लाल कापड, विहीणबाईंची रवानगी, सगळं खडसावून लिहिलं. मग खोडलं. सकाळी येप पत्र बर्फावरून नेणार आहे. आता त्यात एवढंच आहे: बाळाचं नाक कोणावर गेलंय? उत्तर लेखी हवं, २ फेब्रुवारीच्या आत.