उसना कोट

१० नोव्हेंबर, सोमवार

आला! बाटलीहिरवा परत आला!

शटर पुरतं वर गेलंही नव्हतं तर बाई दारात. कोट गल्ल्यावर ठेवला, म्हणाली, "शनिवारी नेईन. सकाळी लवकर येईन, चालेल?" चालेल म्हणाले. खिसे तपासले, डाग बघितले, कॉलरमागे नंबराची पिवळी चिठ्ठी टाचली. सगळं कसं रीतसर. आतून मात्र उकळ्या फुटत होत्या.

आमच्या ड्रायक्लीनच्या दुकानात गिऱ्हाइकांना नावं नसतात, कपडे असतात. मालक विचारतात, "तुटकी चेन येऊन गेला का गं?" किंवा, "रेशमी टायचं झालं का?" ही बाई म्हणजे बाटलीहिरवा. कमी बोलते, दाराकडे पाठ करून कधी उभी राहत नाही. कोट मात्र असा, की हात लावला तरी आपण कुणीतरी आहोत असं वाटावं.

आता लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! मला व्यसनं पुष्कळ. चहात साखर घालते ती घालतेच, वर चमचाभर कोरडी तोंडात टाकते. आईच्या मालिकांना नावं ठेवते आणि भांडी घासताना कान तिकडेच. इस्त्रीची पहिली वाफ नाकात ओढते — मावशी म्हणते, "अगं, तपकीर ओढ त्यापेक्षा!" (मावशी म्हणजे आमची इस्त्रीवाली. सख्खी नाही, पण सख्खीसारखी बोलून घेते.)

ही झाली सांगण्यासारखी. न सांगण्यासारखं एकच. जेवणाच्या सुट्टीत मालक घरी जातात, मावशी मागच्या खोलीत डुलकी काढते, आणि मी हा कोट अंगात घालून बाहेर पडते. धुवायच्या आधीच घालायचा, म्हणजे मागे माग राहत नाही. फक्त हाच हं. बाकी कुणाच्या कपड्याला बोट लावलेलं नाही.

आपल्या मनाची समजूत काढायला बरं आहे हे वाक्य.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घातला. पुलापर्यंत गेले आणि आले. बँकेच्या काचेत स्वतःला बघितलं — समोरून नाही, वळून, पाठमोरी. मागचा पट्टा, रुंद कॉलर. एरवी मी बदकासारखी चालते, खांदे पाडून. त्या कोटात मान आपोआप वर जाते आणि पावलं सावकाश पडतात. पाववाला "या मॅडम" म्हणाला! माझ्या तपकिरी जॅकेटमध्ये गेले की हाच माणूस मान वर न करता "काय पाहिजे?" म्हणतो.

माझ्या आधी इथे काम करणारी एका गिऱ्हाइकाचा नुसता स्कार्फ गळ्यात गुंडाळून आरशासमोर उभी राहिली, तर मालकांनी त्याच पावली घरी पाठवली. या धंद्यात ती चोरीच. माझी नोकरी गेली तर घरात आई आणि मी, दोघी भिंतीकडे बघत बसू.

उद्या नाही. शपथ.

१२ नोव्हेंबर, बुधवार

घातला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अक्षर बघ कसं आलंय.

पुलावर होते. मागून हाक आली. नाव माझं नव्हतं. लाडाने मारतात तसली, शेवट लांबवलेली हाक. मी कशाला वळू? पुढे चालत राहिले. परत हाक, जवळून. मग पावलं. भराभर. मी वेग वाढवला तर तीही वाढली. आणि एकदम कॉलरला हात!

मी पळाले. वळून बघितलंच नाही. वळले असते तर चूक कळून त्याने माफी मागितली असती, असं आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं. ती पकड माफी मागणाऱ्याची नव्हती. मंडईतल्या गर्दीत शिरले, दुसऱ्या बाजूने निघाले, दुकानात येऊन कोट हँगरला अडकवला आणि खालीच बसले. धाबं दणाणलं होतं.

मग दिसलं. कॉलरमागची पिवळी चिठ्ठी नाही. टाचणी वाकलेली, तिच्यात कागदाचा कपटा. मी दीडशहाणी, चिठ्ठी आत न खोचताच मिरवत होते! तिच्यावर कोटाचा नंबर आहे. आणि आमच्या दुकानाचं नाव छापलेलं आहे.

दुसरी चिठ्ठी लिहून टाचली. मावशीने विचारलं, "भूत बघितलंस का गं?" उंदीर म्हणाले.

आता सगळं समजतंय. ती दाराकडे पाठ का करत नाही, ते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आला. दुकान उघडल्या उघडल्या.

चांगला माणूस दिसतो — हेच भयंकर. बुटांना पॉलिश, दाढी गुळगुळीत, बोलणं लोण्यासारखं. चिठ्ठी मालकांपुढे ठेवली. "रस्त्यात सापडली. तुमचीच ना? कुणाचा तरी कपडा हरवायचा, म्हटलं देऊन यावं." मालक विरघळले. असा सज्जन माणूस हल्ली कुठे मिळतो! नंबर बघितला आणि आपण होऊन सगळं सांगून मोकळे, "हा आपला हिरवा कोट. हा काय, इथेच आहे. शनिवारी सकाळी न्यायला येतील बाई."

मी पँट्स मोजतेय असं दाखवत होते.

"कधीपासून आहे इथे?" त्याने सहज विचारलं.

"सोमवारपासून. हललेला नाही जागचा."

"असं?" तो म्हणाला. कोटाकडे बघितलं. मग मावशीकडे. मग माझ्याकडे. घाई काही नव्हती त्याला.

गेला नाही. समोर औषधाच्या दुकानाशी उभा राहिला, दिवसभर. रोजच्यासारखी मी कोपऱ्यावरच्या हॉटेलचे धुतलेले सूट पोचवायला निघाले — हात वर करून हँगर धरलेले, तोंडासमोर प्लॅस्टिकची भिंत — तर फुटपाथवर तो बाजूला झाला. "या, ताई." मला घाम फुटला, एवढ्या थंडीत.

दुपारी पावतीवरून बाईंचा नंबर काढून फोन लावला. असा नंबरच नाही म्हणे. पत्त्याच्या जागी रेघ. म्हणजे सांगायचं तर उद्याच, समोरासमोर. तोवर तो तिथे नसेल कशावरून? आणि काय सांगू? "बाई, एक माणूस तुम्हाला शोधतोय." कसा आला तो इथे? "मी आणला." कसा? "तुमचा कोट घालून."

मालकांना सांगावं म्हणून दोनदा जवळ गेले. एकदा चहा हवा का विचारलं, एकदा बिलं कुठे ठेवू विचारलं. भित्री, भित्री, भित्री!

संध्याकाळी आई म्हणाली, "ताटात काय शोधतेस? जेव की." चमचाभर साखर तोंडात टाकली. गोडच लागेना.

ती उद्या आली नाही तर बरं. आली नाही तर मला काहीच सांगावं लागणार नाही. हे माझ्या मनात आलं, तेही लिहून ठेवते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ती आली. शटर अर्धंच वर होतं, खालून वाकून आत आली. मालक हिशेबाला बसलेले, मावशी इस्त्री तापवत होती. दोघांसमोर मी बोलून टाकलं. थांबले असते तर बोललेच नसते. कोट, सुट्टी, पूल, हाक, चिठ्ठी — सगळं एका दमात. वाटलं, आता कानाखाली बसणार.

तिने एवढंच विचारलं, "हाक कोणत्या नावाने मारली?"

सांगितलं. ती गल्ला धरून उभी राहिली.

"नवरा आहे माझा," म्हणाली. बाही कोपरापर्यंत वर केली. मी बघितलं आणि मान फिरवली. मालकांनीही. मावशीने मात्र नीट बघितलं, आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"पोलीस?" मालकांनी विचारलं.

"गेले होते. रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही म्हणाले."

मालकांचा चेहरा पडला. "मीच सांगितलं त्याला. शनिवारी येतील म्हणून. मीच!" माझ्याकडे वळले, आता मला झापणार, तेवढ्यात मावशी काचेशी गेली. "आला. औषधाच्या दुकानाशी."

शटर खाली ओढायचं तर त्याला कळेल. मागच्या खोलीला बाहेर पडायला दार नाही, खिडकीला गज. ती बाई कपड्यांच्या रांगेमागे जाऊन बसली, खाली, गुडघ्यांत डोकं घालून. बाटलीहिरवा! माझ्या डोळ्यांतली ती राणी अशी फरशीवर. मला रडू आलं.

आणि मग सुचलं. रस्त्यात तो माझ्याकडे बघतच नाही! काल बाजूला झाला तो जॅकेटसाठी आणि सुटांच्या ढिगासाठी. रोज सकाळी इथून एक तपकिरी जॅकेट निघतं आणि कोपऱ्यावर जातं.

जॅकेट काढून तिला घातलं. मावशीने आपला स्कार्फ तिच्या डोक्याला गुंडाळला. हॉटेलचे सूट तिच्या हातात दिले. "वर धरा. आणखी वर. नाक दिसायला नको." ती चालली तर कशी — मान ताठ, पाऊल सावकाश! तशी चालली असती तर दारातच पकडली असती.

"अशी नाही," म्हटलं. "खांदे पाडा. भराभर. पाय फेंगडे."

"बदकासारखी," मावशी म्हणाली. आणि ती बाई हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी असताना.

कोपऱ्यावरच्या हॉटेलला मागून दार आहे, तिथून बसस्टँड जवळ. कुठे जाणार ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. बरं झालं. निघताना कोटाकडे बोट केलं. "ठेवा तुम्हाला. तुम्हाला शोभतो."

मालकांनी दार उघडलं. मी मागे इस्त्रीच्या टेबलाच्या आडोशाला, श्वास कोंडून. ती त्याच्यासमोरून गेली. तो बाजूला झाला! "या, ताई" म्हणाला असणार. कोपरा. वळली. गेली.

तो दुपारपर्यंत उभा होता. मग रस्ता ओलांडून काचेला नाक लावून आत बघितलं, आणि निघून गेला.

मालकांनी मला घरी पाठवलं नाही. संध्याकाळी फक्त म्हणाले, "परत असलं करायचं नाही." मी मान हलवली. स्वेटरवर स्वेटर चढवून घरी आले. कोट तिथेच टांगलाय. मला नको तो.

१६ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर आईच्या मालिका तिच्याशेजारी बसून बघितल्या. उघड उघड. आई म्हणाली, "तब्येत बरी आहे ना?"

जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून कडी तपासते. त्याला काही आमचं घर माहीत नाही. माहीत नाही. नाहीच माहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार

समोर कुणी नव्हतं! सकाळी नाही, दुपारी नाही.

आणि दुकानात फोन आला. मी उचलला. पलीकडे गाड्यांचा आवाज, मग एकच शब्द, "पोचले." ठेवला. मी मावशीला मिठी मारली, तिच्या हातात इस्त्री आहे हेही विसरले. "भाजशील गं बये!" मालकांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. जीव भांड्यात पडला. आज रात्री झोप लागेल.

सुट्टीत कोटाकडे एकदा बघितलं. फक्त बघितलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मालक बँकेत, मावशी मागे. दार वाजलं. तोच. आज कोटाकडे बघितलंही नाही, सरळ माझ्यापाशी आला.

"काय थंडी पडलीय! ताई, तुमचं ते तपकिरी जॅकेट कुठे दिसत नाही?"

"धुवायला टाकलंय." तोंडातून निघून गेलं.

"इथेच ना?" तो गोड हसला. "मग पावती असेल." आणि हात पुढे करून उभा राहिला.