अकोल्याचा मॅग्नेटो

अमरावती, १२ फेब्रुवारी १९३८

दोस्त इनायत,

हरिहरचा सलाम. तुझ्या अम्मींना, खुर्शीदबींना, माझा नमस्कार सांग. इकडे आम्ही मजेत आहोत. मी हायस्कूलात ड्रॉइंग शिकवतो, लग्न झालं आहे, केस विरळ झाले आहेत. नऊ वर्षांनी पत्र लिहिणाऱ्यानं एवढी खबर तरी द्यायलाच हवी.

आपली फटफटी आठवते ना? जंगलखात्याच्या साहेबाकडून दोघांनी मिळून घेतलेली. सेमाडोहच्या घाटात आपण पडलो, माझा हात मोडला, आणि आमच्या वडिलांनी, बापूसाहेबांनी, वकिली डोकं लावून तिची वाटणी केली. सांगाडा आणि इंजिन आमच्याकडे, मॅग्नेटो तुझ्याकडे. दोघांचा हक्क शाबूत, पण ठिणगी देणारा भाग दुसऱ्या घरी, त्यामुळे चालवायची कुणीच नाही! असा निकाल वऱ्हाडात दुसऱ्या कुणी दिला नसेल.

गेल्या दिवाळीत मी ती बाहेर काढली. पिस्टनला चीर गेली होती. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या रामराव फिटरनं जुन्याच्या मापानं नवा ओतून घेतला आणि आठ दिवस कानशीनं घासला. व्हॉल्व्हची स्प्रिंग एका मोडक्या लॉरीची, कापून बसवली. सगळे भाग मी स्वयंपाकघरातल्या परातीत राकेल ओतून धुतले. बायको, कुंदा, म्हणाली, "याच्यापेक्षा सवत परवडली! थे तरी माह्या परातीत आंघोळ करत नाही."

राहिला मॅग्नेटो. त्यासाठी मी यवतमाळपर्यंत भंगारवाले पालथे घातले. रामराव वैतागला. "काहून एवढा जीव जाळून राहिले, मास्तर? अकोल्याच्या दोस्ताले एक कार्ड टाका ना!"

पत्ता हरवला, असं मी त्याला सांगितलं. खोटं सांगितलं. तुझ्या घड्याळांच्या दुकानाचा पत्ता मला पाठ आहे.

शेवटी मूर्तिजापुरात एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा मॅग्नेटो मिळाला. तो नेमका उलटा फिरणारा! रामरावनं खोलून तो सुलटा केला. गुरुवारी तिसऱ्या लाथेला गाडी सुरू झाली, आळीतली म्हातारीकोतारीसुद्धा बघायला आली. मी अगदी हरखून गेलो होतो, इनायत.

तेवढ्यात बापूसाहेब काठी टेकत अंगणात आले आणि कौतुकानं म्हणाले, "चालवजो बाबू. पण त्या इनायतसारखी नको."

मी गाडी बंद केली. सगळ्यांच्या देखत सांगितलं, "बापूसाहेब, घाटात गाडी मी चालवत होतो."

तुला यात नवं काहीच नाही. त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा भीतीनं माझ्या तोंडून तुझं नाव निघालं. तू माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिलंस आणि म्हणालास, "जी, मैंच चला रहा था." तुला आमचं घर बंद झालं. माझा हात दीड महिन्यात जुळला, तरी मी गप्पच. पुढे तुम्ही अकोल्याला गेलात तेव्हा मला चक्क सुटल्यासारखं वाटलं होतं. याची मला लाज वाटते. पोस्टाची पेटी आमच्या कोपऱ्यावरच आहे, तरी मी एक कार्ड टाकलं नाही.

बापूसाहेबांनी अंगणात काठी आपटली. मग म्हणाले, "म्हणजे नऊ वर्सं माहा उलटा निकाल चालून राहिला, अन् तू पाहून राहिला?" लगेच कुंदाकडे कोट मागितला, त्याच फटफटीवर मागे बसून अकोल्याला निघाले होते. मी कसंबसं अडवलं. म्हटलं, आधी मला जाऊ द्या, गुन्हा माझा आहे.

म्हणून पुढच्या रविवारी फटफटीवर निघतो आहे. तुझ्याकडचा मॅग्नेटो मागायला नाही. गाडीचं आता त्यावाचून अडलेलं नाही. माझं मात्र तुझ्यावाचून नऊ वर्षं अडलं आहे. दार उघडशील की नाही, ते लिहू नकोस. मी येऊनच पाहीन.

सेमाडोहच्या घाटात गाडी चालवणारा,
हरिहर