तेरोय सरांच्या जुळ्या गोळ्या

२९ ऑक्टोबर
ड्यूटीवर पान्सित खाल्लं! नूडल्स खाल्ल्या की पेशंटची रांगही तेवढीच लांबते, हे इथे शिकाऊ पोरींनाही पाठ. पण भूक लागली होती, आणि दुसरं काही आणून देणारं कोण आहे? तेवीस भरती झाले. सगळ्यांनी माझ्या नावाने बोटं मोडली. चला, कुणीतरी माझं नाव तरी घेतलं.

१ नोव्हेंबर
सगळं सेबू शहर आज कबरींवर मेणबत्त्या लावायला गेलंय. बाबांच्या कबरीवर आईने एकटीनेच लावली. मी ड्यूटीवर.

३ नोव्हेंबर
विभागप्रमुख यबान्येझ मॅडमनी बोलावलं होतं. किडनी विभागात माझ्यासाठी जागा ठेवली आहे म्हणे. आणखी दोन वर्षं शिक्षण. फॉर्म पंधरा तारखेपर्यंत. 'नुसती फिजिशियन राहून काय करणार, नेरिसा? बेटावर सर्दी-खोकला बघणार?'

बाकी सगळ्यांचं ठरलंय. माझी खोलीतली सोबतीण रिझा मनिलाला निघाली, सामानसुद्धा बांधून झालं. मला पोरोला, आमच्या बेटावर, घरी जायचंय. तिथे एकही फिजिशियन नाही. पण भीती वाटते — काही अडलं तर विचारायचं कुणाला? आणि इथे तरी कोण आहे माझं?

६ नोव्हेंबर
तेरोय सर डायलिसिसला आले. आठवड्यातून दोनदा पोरोहून बोटीने येतात. चौथीत मला शिकवायला होते. माझ्यासाठी सुकी मासळी आणली होती.

खिशातून दोन गोळ्या काढल्या. म्हणाले, "ह्या जुळ्या वाटतात गं. एक किडनीवाल्यांची, एक हृदयवाल्यांची. दोन्ही घेऊ?"

माझ्या हातात नऊ फायली. म्हटलं, "हृदयाच्या डॉक्टरांना विचारा, सर. ते माझ्याकडे येत नाही."

सर हसले. "चौथीत तर तुला सगळे विषय होते."

१० नोव्हेंबर
सर गेले. डायलिसिस करून परतले, आणि पोरोच्या धक्क्यावर उतरताना कोसळले. नाडी अगदी मंद लागत होती, असं आई फोनवर म्हणाली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, पोरो
सर अजून घरातच, शवपेटीत. अंगणात रात्रीच्या जागरणासाठी पत्ते, कॉफी, बिस्किटं. त्यांच्या बायकोने, पासिंगबाईंनी, गोळ्यांचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. पाकिटं वाचली. नावं दोन, औषध एकच, नाडी मंद करणारं. दोन्ही चालू होत्या. डब्याच्या झाकणावर सरांचं ते फळ्यावरचं अक्षर — 'हृदयाचे डॉक्टर, शुक्रवारी विचारणे.'

शुक्रवार उद्या आहे.

बाईंना काही सांगितलं नाही. निघताना त्यांनी बजावलं, सरळ घरी जाऊ नकोस, बेकरीपाशी थोडी थांब. नाहीतर गेलेलं माणूस मागोमाग घरी येतं. मी पाव घेऊन एकटीच उभी राहिले. खाल्ला नाही.

१४ नोव्हेंबर
सकाळी जाऊन बाईंना सगळं सांगितलं. सरांनी मला विचारलं होतं, हेसुद्धा. त्या पेटीकडे बघत म्हणाल्या, "मला म्हणाले होते, नेरिसाला विचारलं की काळजी नाही."

आज बेकरीपाशी थांबले नाही. सरळ घरी आले आणि दार उघडंच ठेवलं. किडनीचा फॉर्म भरणार नाही. सर, या. काय विचारायचं ते विचारा.