छापलं की होतंच

२९ नोव्हेंबर, सकाळ.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

ही थोरल्या बहिणीकडे गेलीय. हवापालट. चार दिवस म्हणाली होती, त्याला आता महिना होत आला. सोबत शिलाई मशीन नेलंय. आमच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, चार दिवसांना कुणी मशीन नेतं का? मी म्हटलं, बहिणीकडे उसवलेलं खूप असेल. लोकांना शंका काढायला निमित्त लागतं, दुसरं काय.

मी अजिबात काळजीत नाही. वेळ कुठाय? ख्रिस्ती विद्यापीठाच्या माहिती कक्षाचा प्रमुख म्हणजे डिसेंबरात पायाला भिंगरी. कॅरलची तालीम, वाचनालयाच्या वेळा, वसतिगृह कधी बंद, केकची कुपनं कुठे, सगळं 'परिसर वार्ता' या आमच्या साप्ताहिक पत्रकात माझ्या हातून जातं. इतक्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो. आधी छापायचं. छापलं की होतंच. पाण्याची टाकी धुणार असं मी छापलं तेव्हा ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लोक बादल्या भरून बसले, मग धुवावीच लागली. इतिहासाच्या सरांचा निरोप समारंभ चुकून वर्षभर आधी छापला. सर म्हणाले, अहो, माझं अजून एक वर्ष आहे. पण लोक फुलं घेऊन आले. सरांना निवृत्त व्हावंच लागलं.

२ डिसेंबर.

नाताळ अंक प्रेसला गेला. पान एक: मेणबत्त्यांची उपासना, २० तारीख, संध्याकाळी सहा.

आमच्या चॅपलची जुनी पद्धत आहे. सगळे दिवे मालवतात. मिट्ट काळोख. मग मागच्या दारातून एकटी एक बाई पेटती मेणबत्ती घेऊन पहिलं कडवं म्हणत आत येते. पेटी नाही, ऑर्गन नाही, काही नाही. तिच्या मेणबत्तीवरून शेवटच्या बाकावरची पेटते, मग पुढची, मग पुढची. ती बाई म्हणजे ही. आमचं लग्न झाल्यापासून दरवर्षी.

छापलं: 'पहिलं कडवं नेहमीप्रमाणे माहिती कक्ष प्रमुखांच्या पत्नी म्हणतील.'

टाइप करता करता टायपिस्टबाईंनी विचारलं, वहिनींना विचारलंत का? मी म्हटलं, नेहमीप्रमाणे म्हणजे नेहमीप्रमाणे, त्यात विचारायचं काय?

एक अंक साडूंच्या पत्त्यावर पोस्टाने धाडला. निश्चय: आपण होऊन फोन करायचा नाही. फोन केला की विषय वाढतो. अंक पाहिला की ती आपोआप निघेल.

५ डिसेंबर.

अंडं करपलं. कढई जुनी झालीय. निश्चय: उद्यापासून लवकर उठून नीट स्वयंपाक.

एक नोंद करून ठेवतो. आमचं भांडण झालेलंच नाही. एका फोन नंबरावरून थोडी बोलाचाली, बस्स. नाताळच्या सुट्टीत ऑफिस बंद असतं, तेव्हा 'तातडीच्या कामासाठी' म्हणून सूचनेत माझ्या घरचा नंबर छापायची पद्धत मीच पाडली. चोवीस तास, दोन जानेवारीपर्यंत. माणसाचं वजन राहतं. फोन अर्थात ही घेते, कारण मी कॅम्पसवर असतो. यंदा ही म्हणाली, नंबर छापू नका, एक तरी नाताळ मला पान गार न होता जेवू द्या. मी म्हटलं, बघू. तर म्हणे, तुमचं 'बघू' मला पाठ झालंय. आणि मशीनवर झाकण घातलं.

राईचा पर्वत करायची सवय. माहेरचीच आहे ती, बहिणीलाही आहे.

९ डिसेंबर.

गायनवृंदाच्या बाई ऑफिसात आल्या. बाईंचा स्वर गोड, पण रागावल्या की समोरच्याची पाचावर धारण बसते. हिच्या तालमीचं विचारत होत्या. मी म्हटलं, बहिणीकडे रोज चालू आहे, अगदी सकाळ-संध्याकाळ. हे खोटं नाही. ही भांडी घासतानाही गुणगुणते, म्हणजे चालूच असणार. बाई म्हणाल्या, नाहीतर मी एका विद्यार्थिनीला तयार करून ठेवते, काय सांगता येतं. मी म्हटलं, मुळीच नको. हिला कळलं तर वाईट वाटेल.

बाई गेल्यावर थोडं छातीत धडधडलं. चहा जास्त होतोय.

स्वयंपाकाचा निश्चय सोमवारपासून.

१३ डिसेंबर.

अंकाला पाच दिवसांत उत्तर यायला हवं होतं. पोस्टाचा घोळ. म्हणून या आठवड्याच्या अंकात हिचा फोटोच टाकायचं ठरवलं, पहिल्या पानावर, ठळक. माणूस स्वतःचा फोटो बघून विरघळतोच.

घरातले सगळे अल्बम उपसले. नाताळच्या दिवसाचे जेवढे फोटो सापडले, त्या सगळ्यांत हिच्या कानाला फोन. एकात केक कापतेय, खांद्यावर रिसीव्हर. एकात नवी साडी, पण दुसऱ्या हाताने मला खुणावतेय, थांबा हो, कुणाच्या तरी खोलीची किल्ली हरवलीय. योगायोग म्हणायचा. त्यातला बरा निवडून प्रेसवाल्याला म्हटलं, फोन कापून टाक. त्याने कापला. आता ही कान खाजवतेय असं दिसतं. पण चेहरा चांगला आलाय.

दोन अंक पाठवले. एक साडूंना, एक खास हिला.

१६ डिसेंबर.

सुट्टीची सूचना तयार झाली. टायपिस्टबाईंनी मान वर न करता विचारलं, यंदाही घरचाच नंबर? क्षणभर विचार केला. अगदी खरं लिहायचं तर दोन क्षण. मग म्हटलं, नेहमीप्रमाणे. नंबर काढला तर लोक म्हणतील, याच्या घरी काहीतरी बिनसलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय ही परत आल्यावर फोनला कुणीतरी लागणारच ना घरात.

दुपारी चॅप्लेनसाहेब भेटले. आमच्या चॅपलचे धर्मगुरू, फार सज्जन. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, उत्तम. ते म्हणाले, बोलावंसं वाटलं तर माझं दार उघडं असतं. मी म्हटलं, हे छान आहे, दाराच्या वेळा द्या, छापून टाकतो. त्यांनी खांद्यावरचा हात काढला आणि चालू लागले. हल्ली लोक थकलेले दिसतात.

१८ डिसेंबर.

साडूंचा फोन! ऑफिसात, सगळ्यांसमोर. साडू म्हणजे शब्द तोलून बोलणारा माणूस. अंक मिळाले म्हणाले. मी विचारलं, ही काय म्हणाली? म्हणाले, काही नाही म्हणाली, कपाटाच्या फळीवर अंथरले. मला भरून आलं. म्हणजे नीट जपून ठेवले. मग साडू म्हणाले, भाऊ, एकदा इकडे येऊन बसा, समोरासमोर बोला, सकाळच्या बसने निघालात तर जेवायला पोचाल. मी म्हटलं, सध्या मान वर करायला फुरसत नाही, वीस तारखेनंतर बघू. ते म्हणाले, अच्छा. आणि ठेवला.

टायपिस्टबाई बघत होत्या. मी मोठ्याने म्हटलं, येतायत वहिनी.

२० डिसेंबर, दुपार.

हिची पांढरी शाल इस्त्री करून चॅपलच्या मागच्या दाराशी खुर्चीवर ठेवलीय. शेजारी मेणबत्ती. काडेपेटी खिशात. बसथांब्यावर दोनदा जाऊन आलो. शेवटची बस साडेपाचला. ही नेहमी शेवटच्या बसनेच येते. म्हणजे, येत असेल.

पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत सगळा कॅम्पस येणार आहे. कुलगुरू सहकुटुंब. मन शांत आहे. जेवलो नाही, पण ते काळजीमुळे नव्हे.

२१ डिसेंबर.

थोडक्यात लिहितो.

साडेपाचची बस आली. त्यातून एक म्हातारे गृहस्थ आणि दोन मुली उतरल्या.

तरी मला वाटलं, रिक्षाने येईल. कोणाला काही बोललो नाही. सहाला दिवे मालवले. चॅपल इतकं गच्च की श्वास ऐकू यावेत. सगळे थांबले. मी मागच्या दाराशी, हातात शाल. कुणी खोकलं. एक लहान मूल विचारायला लागलं, आई, लाइट गेले का? अंधारात गायनवृंदाच्या बाई माझ्या कानाशी आल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, कुठे आहेत त्या? मी म्हटलं, येतायत. त्या म्हणाल्या, कधी निघाल्या?

मग मी इतकी वर्षं जे करत आलो तेच केलं. माइक घेतला आणि जाहीर केलं: 'कृपया शांतता राखावी. पहिलं कडवं थोड्याच वेळात म्हटलं जाईल. गायिका मार्गावर आहेत.'

छापलं की होतं, पण बोललं की होत नाही, हे तेव्हा कळलं.

किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी बाकांमधून कुणीतरी भसाड्या आवाजात सुरुवात केली. कुणी वरच्या पट्टीत, कुणी खालच्या. कसंबसं कडवं पार पडलं. मेणबत्ती पेटवायला काडेपेटी माझ्याच खिशात राहिली होती, म्हणून कुणीतरी दिवेच लावले. सगळ्यांनी वळून मागे पाहिलं. तिथे मी. हातात बायकोची शाल.

आज 'परिसर वार्ता'साठी दुरुस्ती लिहिली: 'तांत्रिक कारणांमुळे पहिलं कडवं नेहमीप्रमाणे होऊ शकलं नाही.' टायपिस्टबाईंनी टाइप केलं, कागद काढला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, हे मी प्रेसला नेणार नाही, तुमचं तुम्ही न्या. मी नेलं नाही. पहिल्यांदाच एखाद्या मजकुराची जागा कोरी गेली.

२३ डिसेंबर.

सुट्टी लागली. कॅम्पस रिकामा. गायनवृंदाच्या बाई फाटकाशी दिसल्या, मान वळवली. ठीक आहे, थंडी होती.

निश्चय: हिला फोन करायचा. उद्या. आधी मुद्दे काढून ठेवतो. काढले. वाचून पाहिले. 'सदर विषयी कळविण्यात येते की' असं सुरू होतंय. फाडला. दुसरा लिहिला. त्यात 'संबंधितांनी नोंद घ्यावी' आलं. बायकोशी बोलायचं कसं, तेच आठवेना.

२५ डिसेंबर.

नाताळ. सकाळी सातपासून फोन वाजतोय.

वसतिगृहात गरम पाणी नाही. वाचनालय उघडं आहे का? नाही, सूचना वाचा. केकचं कुपन हरवलं. पाहुण्यांची खोली. पुन्हा गरम पाणी. आणि निम्मे लोक माझा आवाज ऐकून विचारतात, घरच्या बाई नाहीत का? एक प्रयोगशाळेचा पहारेकरी म्हणाला, दरवर्षी त्या विचारतात, जेवलात का, म्हणून मी फोन करतो, काम काही नसतं. एक मुलगी, परदेशातून शिकायला आलेली, घरी जाता आलं नाही, रडत होती. म्हणाली, मागच्या वर्षी काकूंनी मला फोनवर कडवं म्हणून दाखवलं होतं. मी तिला म्हटलं, थांब, मी बघतो. काय बघणार? ती थोडा वेळ थांबली आणि मग तिनेच ठेवला.

पाव वाढून घेतला होता, सूप होतं. तीनदा गरम केलं. चौथ्यांदा केलंच नाही, तसंच प्यायलो. गार होतं. कसं लागतं ते कळलं.

दुपारी पुन्हा फोन. मला जीव नकोसा झाला होता. समोरून आवाज यायच्या आधीच मी सुरू केलं: माहिती कक्ष, सुट्टीत कोणतंही काम होणार नाही, जे काही असेल ते दोन तारखेनंतर लेखी द्या.

पलीकडून मग फक्त, "बरं."

एकच शब्द. पण 'बरं' असं जगात एकच माणूस म्हणतं. रिसीव्हर ठेवला गेला होता.

लगेच साडूंचा नंबर फिरवला. चारदा चुकीचा लागला, पाचव्यांदा बरोबर. साडूंनी घेतला. म्हणाले, आत्ताच उपासनेला निघून गेल्या दोघी बहिणी. मी विचारलं, ती काय सांगायला फोन करत होती? साडू म्हणाले, सांगायला नाही हो, विचारायला. तुम्ही जेवलात का, ते.

मला रडू आलं. लिहायला लाज वाटत नाही, कुणी वाचणार नाही. मी साडूंना विचारलं, वीस तारखेला ती येणार नव्हतीच ना? ते म्हणाले, ती शाल शोधत होती त्या दिवशी, म्हणाली, नुसतं विचारलं असतं तरी गेले असते.

विचारायला हवं होतं. छापायला नको होतं. एवढं साधं होतं.

निश्चय, आणि हा शेवटचा: उद्या सकाळच्या पहिल्या बसने निघायचं. शाल घ्यायची. जेवायच्या वेळेला पोचायचं आणि कुठलाही मुद्दा न काढता तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं.

२६ डिसेंबर, सकाळ.

दाढी केली. शाल पिशवीत घातली. चपला घातल्या. कुलूप हातात.

फोन वाजायला लागला.

सूचनेत चोवीस तास छापलंय. दोन जानेवारीपर्यंत. माझ्याच हाताने. आणि मी गेल्यावर घ्यायला घरात कुणी नाही.

पुन्हा वाजतोय. ती कालची मुलगीही असेल. किंवा हीच असेल. हा एक घेतो. दुसरी बस दुपारी आहे. बघू.