तळघरातले टर्नटेबल आणि मर्ल हॉफर यांच्याविषयी

मी, क्लेटन यिंगलिंग, वय ७४, रेल्वेच्या इंजिन शेडमधून निवृत्त, राहणार आल्टूना, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी अर्लीन हिचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील सर्व शिल्लक अर्लीनला मिळावी. तसेच कपाटातली नवी फिरती थाळीही. तिच्या जेवणाच्या टेबलावरची, बाटल्या फिरवून पुढे करायची जुनी थाळी मी १९७७ साली उचलून तळघरात नेली, कारण माझ्या विजेवरच्या छोट्या रेल्वेला इंजिनाचे तोंड वळवणारे टर्नटेबल हवे होते आणि दुकानातले परवडत नव्हते. "मोहरीची बाटली आता फिरवायची कशी? का आम्हीच टेबलाभोवती फिरायचं?" असे ती त्या दिवशी म्हणाली, आणि त्यानंतर दर रविवारी म्हणाली.

२. लेथ, कानशी व सोल्डरिंगचे सामान मुलगी जोअ‍ॅन हिला. जावयाने त्याला हात लावू नये. माझी चांगली पक्कड त्याने रंगाचे डबे उघडून वाया घालवली आहे.

३. तळघरातली रेल्वेही जोअ‍ॅनला. मात्र सत्य सांगणे भाग आहे: माझे टर्नटेबल चालत नाही. त्यावरचा पूल, म्हणजे इंजिन उभे राहते तो रुळांचा तुकडा, अर्धा फिरला की शॉर्टसर्किट होऊन सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. मी नऊ वर्षे दमट हवेला, ट्रान्सफॉर्मरला आणि अर्लीनच्या कपडे धुण्याच्या यंत्राला दोष दिला.

माझा मित्र मर्ल हॉफर याने पहिल्याच दिवशी आमच्या छोट्या रेल्वेवाल्यांच्या क्लबातल्या सगळ्यांसमोर सांगितले होते, "क्लेट, पूल फिरला की डावा रूळ उजवीकडे जातो. वीज उलटी होते रे. तारा बदल."

"सत्तावीस वर्षं मी खरी इंजिनं फिरवलीत," मी म्हणालो. "तू बँकेत खुर्ची फिरवलीस. मला शिकवू नकोस."

सगळे हसले. मर्लने टोपी घातली आणि तो निघून गेला, तो परत आला नाही. वाफेच्या इंजिनाच्या रुळांत वीज नसते, म्हणून ही गोष्ट माझ्या टाळक्यात कधी शिरलीच नाही. या मार्चमध्ये कागदावर आकृती काढली तेव्हा शिरली. चूक माझी होती. मला त्याची फार आठवण येते, आणि याचाही मला वैताग येतो.

४. मर्ल हॉफर याला काहीही देऊ नये. वकील म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदाराने माझ्या डोळ्यांसमोर सही करावी लागते. मला साक्षीदार तोच हवा. फोन अर्लीन करील, माझ्याने होणार नाही. डॉक्टरांनी दिलेली मुदत पाहता त्याने फार ताणून धरू नये.

स्थळ: आल्टूना. दिनांक: १४ ऑक्टोबर १९८६.
(सही) क्लेटन यिंगलिंग

साक्षीदार:
१. (सही) डोरिस क्लॅपर, शेजारीण.
२. (सही) मर्ल हॉफर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली. सह्यांना दोन तास उशीर झाला, कारण मी आधी तळघरात उतरून तारा बदलल्या. इंजिन वळले. क्लेट म्हणतो, फार हळू वळते. उद्या पुन्हा येतो आहे.