जातीचा रकाना

घोडपदेव, ३ फेब्रुवारी १९५८

ती. जयवंतदादास सुभद्राचा सविनय जयभीम. वि. वि.

आमच्या शिवणवर्गाला सरकारने चार मशिनी दिल्या आणि त्यांच्यामागे अहवाल लावून दिला. दर तीन महिन्यांनी, चार प्रतींत. रखमा बाळंतपणामुळे गैरहजर, तर दाखला जोडा म्हणतात. बाळ दाखवून भागत नाही. सहा जणी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेल्या, त्यांचं कारण मी ‘सार्वजनिक काम’ लिहिलंय. खुर्ची उबवणाऱ्यांना कळलं तर बरं!

तू कारकून माणूस. कच्चा अहवाल पाठवतेय, चांगल्या अक्षरात उतरवून परस्पर कचेरीत दे. मशिनी गेल्या तर चौदा जणींचं शिकणं अर्ध्यावर राहील. लोभ ठेव, आणि दौतीत शाईही.

तुझी सुभद्रा

गिरगाव, २१ फेब्रुवारी १९५८

चि. सुभद्रास अनेक आशीर्वाद.

अहवाल मंजूर! साहेबांचा शेरा ‘समाधानकारक’. मोर्चेवाल्या सहाही जणींना मी ताप आणला. जातीच्या रकान्यात तुम्ही सगळ्यांनी ‘बौद्ध’ लिहिलं होतं, तिथे जुनी जात घातली. ही मदत जुन्या जातीच्या नावावर आहे, दीक्षा घेतलेल्यांना मिळत नाही. माझ्याही नोकरीच्या कागदात जुनंच आहे. काय बिघडलं? रागावशील, पण मशिनी राहिल्या.

तुझं अक्षर मात्र अजून कोंबडीचे पाय. वहिनी वाट बघते, ये एकदा. लोभ आहेच, तुझाही असू दे.

जयवंत

घोडपदेव, १६ मार्च १९५८

दादास जयभीम.

अहवालाची प्रत हाती आली. बायकांना वाचून दाखवली. आमच्या रमाबाई साठीच्या. वर्गात येऊन त्या दोनच गोष्टी लिहायला शिकल्यात, स्वतःचं नाव आणि ‘बौद्ध’. माझं लिहिलेलं खोडणारा हा कोण, असं त्यांनी विचारलं. तो माझा सख्खा भाऊ, हे सांगताना मला तुझी लाज वाटली.

चौदा जणींनी सह्या करून दुरुस्तीचा कागद पाठवला. आठव्या दिवशी तपासनीस हातगाडी घेऊन हजर. मदत द्यायला याच लोकांनी वर्ष घालवलं होतं! मशिनी परत केल्याची पावतीसुद्धा चार प्रतींत, आणि तीत पुन्हा जातीचा रकाना. प्रत्येकीने आपल्या हाताने ‘बौद्ध’ लिहिलं. रमाबाईंनी सावकाश, चारही वेळा. तपासनिसांनी सगळं वाचलं आणि शिक्का मारला. परत घेताना ते चाललं.

वर्ग चालू आहे, हातशिलाईवर. वहिनीला जयभीम. लोभ आहे, माझे कागद मात्र यापुढे मीच लिहीन, कोंबडीचे पाय असले तरी.

सुभद्रा